मेडल नंतर, आधी साल: जुन्या कोटावर सन्मानचिन्हं लावायला शिकणाऱ्यांसाठी

गणपती जवळ आले की आमच्या लष्करात (लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहरातला लष्कर हा भाग हो, फौज नाही) कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. काका, मंडळाची झांकी आहे, एक जण माधव महाराज (इंग्रजांच्या काळातले ग्वाल्हेरचे राजे माधवराव शिंदे) होणार, एक जण बर्माला गेलेला शिपाई, छातीवर काय काय लावू ते पटकन सांगा. आता पटकन कसं सांगणार. मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही, आजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला, तिथून हा नाद लागला, आणि वीस-बावीस वर्षं चुका करत करत जे कळलं ते एकदाच लिहून टाकतो म्हणजे फोन जरा कमी येतील.

आधी कागद घ्या आणि त्यावर एक साल लिहा. तुमचा माणूस कुठल्या वर्षी, कुठल्या प्रसंगाला उभा आहे ते. हे झाल्याशिवाय डब्यातलं एकही मेडल बाहेर काढू नका, निम्म्या चुका इथेच होतात.

उदाहरणच घ्या. महादजी शिंदे करायचेत? मग छाती मोकळी ठेवा. महादजी १७९४ मध्ये वारले, त्या काळी आपल्याकडे मान मिळायचा तो खिलत म्हणून, म्हणजे वस्त्रं, शिरपेच, मोत्यांची कंठी, तलवार, घोडा, हत्ती, पालखी, जहागीर. बादशहाकडून माही-मरातब, म्हणजे माशाचं मानचिन्ह, मिळाला तरी तो मिरवणुकीत काठीवर उंच धरून पुढे चालायचा, अंगरख्याला कुणी टाचत नव्हतं. भाड्याने आणलेल्या ड्रेसवर हमखास दोन चमकीचे स्टार शिवलेले असतात, ते आधी उसवा. उसवल्यावर भोकं दिसली तर वरून शेला घ्या, तसाही तो लागतोच.

मग १८४३. ही तर आपल्या दारातली गोष्ट. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या, शिंद्यांची फौज हरली, आणि कंपनी सरकारने आपल्या शिपायांना जो तारा वाटला त्याचं नावच ग्वाल्हेर स्टार, आणि तो ओतला होता आपल्याच जप्त केलेल्या तोफांच्या धातूतून. सहा टोकं, मध्ये छोटा चांदीचा तारा, त्यावर लढाईचं नाव. आणि लावायची पद्धत बघा, सुरुवातीला त्याला रिबीनच नव्हती, मागे नुसता आकडा, तो सरळ कोटाला अडकवायचा, पुढे बऱ्याच लोकांनी आकडा काढून कडी बसवली आणि रिबिनीत घातला. आता नावात ग्वाल्हेर आहे म्हणून एका वर्षी एका मंडळाने तो शिंद्यांच्या सरदाराच्या छातीवर लावला होता. अरे बाबांनो, ज्याची तोफ गेली त्यालाच तो तारा!

दुसऱ्या महायुद्धाचं असंच. झांकी १९४२ ची, बर्मातून माघार चाललीये, आणि शिपायाच्या छातीवर बर्मा स्टार. तो तारा जाहीरच झाला १९४५ मध्ये, म्हणजे १९४२ च्या शिपायाची छाती एकतर कोरी किंवा आधीच्या वायव्य सरहद्दीच्या नोकरीची एखादी रिबीन, बस. तसंच परमवीर चक्रवाले राम राघोबा राणे यांचं. काश्मीरच्या लढाईतलं नौशेरा-राजौरी रस्त्याचं काम एप्रिल १९४८ चं, पण परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला आणि लागू केलं १५ ऑगस्ट १९४७ पासून मागे जाऊन. त्यामुळे रस्ता साफ करतानाचे राणे दाखवायचे तर चक्र नको, नंतरच्या परेडचे दाखवायचे तर हवंच. चक्राचा विषय निघालाच आहे तर, त्याचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं, जन्माने परदेशी, लग्नाने मराठी. आमच्याकडच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगून ठेवतो.

साल ठरलं की फोटो शोधा. घरातला, नातेवाइकांकडचा, नाहीतर ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या म्युझियममध्ये जा आणि पोर्ट्रेट नीट बघा, पाच मिनिटं एकाच छातीसमोर उभे राहा, लोक हसले तर हसू दे. पण फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझी फजिती सांगतो. आजोबांचा एकच युनिफॉर्ममधला फोटो, तोही पोस्टकार्डाएवढा, मी एका स्टुडिओत मोठा करायला दिला, त्यांनी तो उलटा छापला, म्हणजे आरशात दिसतो तसा. मला काय कळतंय, मी फोटोबरहुकूम चारही मेडलं कोटाच्या उजव्या बाजूला टाचली, तो कोट प्रदर्शनात मांडला, आणि दुसऱ्या दिवशी एक रिटायर्ड सुभेदार साहेब आले, बराच वेळ बघत राहिले, मग बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उजवीकडे तर नातवाने लावायची असतात भाऊ, आजोबांची स्वतःची डावीकडे." असं लाजायला झालं की विचारू नका.

तेव्हापासून फोटो हातात आला की आधी बटणं बघतो. पुरुषांच्या विलायती धर्तीच्या कोटात डावी बाजू वर येते आणि बटणं उजव्या पट्टीवर असतात, फोटोत उलटं दिसलं तर फोटोच उलटा. खांद्यावरची अक्षरं, टोपीवरचा बिल्ला, तलवार कुठल्या कमरेला आहे, हे पण बघा. अंगरख्यावर मात्र ही बटणाची युक्ती चालत नाही, बंद कुणी इकडे बांधायचं कुणी तिकडे.

आता मुख्य नियम, आणि हा एकदा डोक्यात बसला की बाकी सोपं आहे. मेडलं डाव्या छातीवर, एका आडव्या ओळीत, खिशाच्या वर. सगळ्यात मानाचं मेडल बटणांच्या जवळ, आणि तिथून बाहेर, डाव्या हाताकडे जाताना मान कमी कमी. म्हणजे समोरून बघणाऱ्याला सगळ्यात डावीकडचं ते सगळ्यात मोठं. घालणाऱ्याची उजवी आणि बघणाऱ्याची उजवी यात गोंधळ होतो म्हणून मी पोरांना डावं-उजवं सांगतच नाही, "बटणापासून बाहेर" एवढंच सांगतो.

मान कशाचा जास्त, हे त्या त्या सरकारने ठरवलेलं असतं. इंग्रजांच्या काळात, १९१८ च्या अखेरीनंतर, साधारण असं: शौर्याचं आणि ऑर्डरचं (म्हणजे सरकारने दिलेल्या मानाच्या पदवीचं) पहिलं, मग लढायांची मेडलं ज्या क्रमाने मोहिमा झाल्या त्या क्रमाने, मग राज्याभिषेक, ज्युबिली, दरबार यांची, त्यानंतर लांब नोकरीची, आणि शेवटी परक्या देशांची. म्हणजे १९११ च्या दिल्ली दरबारचं मेडल कितीही चकचकीत असलं तरी ते लढाईच्या मेडलच्या पुढे जात नाही. राजकीय मान आणि रणातला मान यात तेवढा फरक त्यांनी ठेवला होता, आणि मला तो आवडतो.

पहिल्या महायुद्धाचं त्रिकूट असेल तर तारा, मग चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, मग इंद्रधनुष्याच्या रिबिनीचं व्हिक्टरी मेडल. यात एक बारीक गोष्ट, ग्वाल्हेरवाल्यांसाठी खास. संस्थानच्या तिसऱ्या पलटणीची अर्धी तुकडी नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होती. साल १९१४ म्हणून घरचे लोक सांगतात की पणजोबांना १९१४ चा स्टार होता, पण तो फक्त फ्रान्स-बेल्जियमला गेलेल्यांना, आफ्रिकावाल्यांना १९१४-१५ चा. रिबीन दोघांची सारखीच, त्यामुळे ताऱ्यावरची अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. आणि सरहद्दीच्या मेडलवर १९१९ ची पट्टी (रिबिनीवर बसवलेली धातूची आडवी पट्टी) असेल तर ते या तिघांच्या नंतर येतं. एकाच मेडलवर दोन-तीन पट्ट्या असतील तर सगळ्यात जुनी खाली, मेडलजवळ, नवी तिच्या वर.

दुसऱ्या महायुद्धाचा आमच्या आजोबांसारखा ठरलेला संच: १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल, याच क्रमाने. तारे आधी, गोल नंतर. यातल्या पहिल्या ताऱ्याच्या रिबिनीत तीन सारखे पट्टे आहेत, गडद निळा, लाल, फिकट निळा, म्हणजे नौदल, भूदल, हवाई दल. दोन्ही कडांचे रंग वेगळे, त्यामुळे ही रिबीन उलटी लागू शकते आणि लागतेच! गडद निळा बटणांकडे यायला हवा. महावीर चक्राच्या रिबिनीत अर्धा पांढरा अर्धा केशरी, तिथे केशरी डाव्या खांद्याकडे. ज्या रिबिनीच्या दोन्ही कडा सारख्या असतात तिथे डोकं शिणवायची गरज नाही.

स्वातंत्र्यानंतर पण नोकरीत राहिलेला माणूस असेल तर क्रम पुन्हा बदलतो. १९५० नंतर भारताची आपली मेडलं पुढे, इंग्रजांची मागे. माणेकशॉंचा नंतरचा फोटो बघा, १९४२ मध्ये बर्मात मिळालेला मिलिटरी क्रॉस, एवढं शौर्याचं मेडल, पण तो भारतीय मेडलांच्या मागे गेलेला दिसतो. म्हणून पुन्हा तेच, साल काय लिहिलंय कागदावर?

आता शिवणकाम. यात मी जरा जास्त वेळ घेणार कारण हे कुणी सांगत नाही.

रिबीन साधारण ३२ मिलिमीटर रुंद असते. चार मेडलं शेजारी-शेजारी लावायची तर ३२ चोक १२८, म्हणजे जेमतेम १३ सेंटिमीटरची पट्टी झाली. यापेक्षा जास्त मेडलं असतील तर एकमेकांवर चढवायची, पण बटणाकडचं सगळ्यात मानाचं पूर्ण उघडं दिसलं पाहिजे आणि बाकीची त्याच्याखाली सरकलेली. कडक बकरमचा (कॉलरीत घालतात त्या ताठ कापडाचा) तुकडा घ्या, नसेल तर जुन्या फाइलचा पुठ्ठा पण चालतो, त्यावर काळं किंवा कोटाच्या रंगाचं कापड चढवा. मेडलं आधी टेबलावर फूटपट्टीच्या कडेला टेकवून ठेवा, खालच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत, वरच्या नाही, खालच्या! तारा गोल मेडलपेक्षा उंच असतो, त्यामुळे सगळ्यांना सारख्याच लांबीची रिबीन कापली तर तारे खाली लोंबतात आणि ओळ दात पडल्यासारखी दिसते. मी आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून बघतो, त्या बरोबर बसल्या की मगच रिबिनीला कात्री.

लटकवायच्या दोन तऱ्हा. एक जुनी, मेडलं मोकळी हलतात, चालताना किणकिण वाजतात. दुसरी, रिबीन मागे पाठीवर खाली आणून मेडलच्या मध्यापर्यंत ठेवतात आणि मेडल तिथे दोऱ्याने बांधतात, म्हणजे हलत नाही आणि एकमेकांवर आपटून खरचटत नाही. जुन्या काळच्या शिपायाला मोकळीच शोभतात. खरी मेडलं असतील तर मात्र बांधा, आवाजाची हौस महागात पडते.

खरा जुना कोट असेल तर त्याला पिन टोचू नका, हात जोडून सांगतो. जुन्या कोटांवर बघा, डाव्या छातीवर दोऱ्याचे बारीक लूप विणलेले सापडतात, पिन त्यातून जाते, कापडातून नाही. तेच लूप वापरा. नसतील तर दोन-तीन हातानेच घाला. माझ्या आजोबांच्या कोटावर पाच लूप आहेत आणि मेडलं चारच, पाचवा कशासाठी हे घरात कुणालाच माहीत नाही. नव्या शेरवानीचं कापड सिल्कचं असेल तर अस्तराच्या आत कॅनव्हासचा तळहाताएवढा तुकडा लावून घ्या. आमच्या बाड्याजवळचे (बाडा म्हणजे लष्करचा मुख्य चौक) शिंपी मास्टरजी हे न सांगताच करतात, वर म्हणतात, "साहेब, मेडल कापडाला नाही, अस्तराला लटकतं." एकदम बरोबर आहे, नाहीतर तासाभरात छाती एका बाजूने ओघळते.

पूर्ण मेडलं रोज घालत नसत हे पण लक्षात घ्या. रोजच्या कामाच्या कोटावर फक्त रिबिनींच्या छोट्या पट्ट्या, तीन-तीन किंवा चार-चारच्या ओळीत, मानाची ओळ वर, आणि उरलेली अपुरी ओळ असेल ती सगळ्यात वर मधोमध. परेड, दरबार, समारंभ असला की मोठी मेडलं. रात्रीच्या मेसच्या जेवणाला निम्म्या आकाराची छोटी. त्यामुळे ऑफिसात सही करणारा अधिकारी दाखवायचा आणि छातीवर खणखणीत मेडलं, हे म्हणजे घरात भाजी चिरताना पैठणी नेसल्यासारखं.

रिबिनीवर एखादं काशाचं छोटं ओकचं पान दिसलं तर ते सजावट समजून काढू नका, डिस्पॅचमध्ये, म्हणजे सेनापतीच्या लढाईच्या अहवालात, नाव आल्याची ती खूण आहे. पहिल्या युद्धात ते व्हिक्टरी मेडलच्या रिबिनीवर, दुसऱ्यात वॉर मेडलच्या.

आता महाराज. इथे पोरं सगळ्यात जास्त उत्साहात येतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. संस्थानिकांच्या अंगावर चार प्रकार दिसतात: खांद्यावरून आडवा रुंद पट्टा, छातीवर तारा, गळ्यात पदक आणि नेहमीची मेडलांची ओळ. स्टार ऑफ इंडिया ही ऑर्डर १८६१ ची, इंडियन एम्पायर १८७८ ची. सगळ्यात वरच्या वर्गाला, म्हणजे नावापुढे जीसीएसआय किंवा जीसीआयई लिहिणाऱ्यांना, पट्टा आणि तारा दोन्ही. त्याखालच्या वर्गाला गळ्यात पदक आणि छातीवर तारा, पट्टा नाही. माधव महाराजांना स्टार ऑफ इंडियाचा वरचा वर्ग होता, त्याचा पट्टा फिकट निळा आणि कडेला पांढरा. तो उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो आणि जिथे दोन टोकं जुळतात तिथे पदक लटकतं. खांद्यावर झुपका किंवा पट्टी असेल तर पट्टा तिच्या खालून काढायचा, वरून नाही. दोन पट्टे एकदम कधीच नाही, दुसरी ऑर्डर असेल तर तिचा नुसता तारा. तारे डाव्या छातीवर मेडलांच्या खाली: दोन असतील तर एकाखाली एक आणि मानाचा वर, तीन असतील तर त्रिकोण. माधव महाराजांना रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डर पण होती, तिचा तारा स्टार ऑफ इंडियाच्या खाली जाईल.

पट्ट्यासाठी साडीच्या दुकानातून सॅटिनची रिबीन आणाल तर ती घसरते, खांद्याच्या आत एक टाका घाला आणि कमरेला पदकाच्या मागे दुसरा. मोत्यांच्या माळा पट्ट्याच्या वरून येऊ द्या. आणि डोक्यावर शिंदेशाही पगडीच हो, नुसता फेटा बांधून माधव महाराज होत नाहीत, एवढं तरी पाळा.

राव बहादूर, राव साहेब असे किताब मिळालेले लोक लष्करच्या जुन्या वाड्यांच्या फोटोत बरेच सापडतात, त्यांचा बिल्ला रिबिनीने गळ्यात. देशी अधिकाऱ्यांना मिळणारी ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया, जिच्यामुळे सरदार बहादूर किंवा बहादूर म्हणवलं जायचं, ती पण गळ्यात. तिची रिबीन आधी आकाशी होती, मग किरमिजी केली, आणि सांगतात असं की आकाशी रिबिनीला केसांच्या तेलाचे डाग पडायचे. आमच्याकडची डोकी बघता पटतं.

खऱ्या मेडलांबद्दल दोन शब्द. घासू नका. माझ्या मावशीकडे पणजोबांचं चांदीचं वॉर मेडल होतं, दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून लख्ख व्हायचं, आणि त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं ते चाळीस दिवाळ्यांत जवळजवळ गेलं. पहिल्या युद्धाच्या मेडलवर तीच एक ओळख, ताऱ्यावर ती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या युद्धाचे तारे बहुतेक बिननावाचेच आले, त्यामुळे ते कुणाचे हे घरच्यांनीच चिठ्ठीवर लिहून ठेवावं. झांकीला, नाटकाला नकलाच वापरा. आणि नकला लावून बाजारात फौजी म्हणून फिरू नका, कायद्याने गुन्हा आहे, स्टेजवरून उतरलात की कोट काढा.

आणि आजोबांची मेडलं तुम्हाला स्वतःला एखाद्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला लावायची असतील तर सुभेदार साहेब म्हणाले तसं, उजव्या छातीवर. क्रम तोच, बटणापासून बाहेर.

कार्यक्रम संपला की कोटाची घडी घालायच्या आधी पट्टी काढा. मेडलांसकट घडी घातली की ताऱ्याची टोकं आतून अस्तराला लागतात आणि पुढच्या गणपतीला मला फोन येतो, काका, अस्तर फाटलंय.